बारीकरांचा नारळ

आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये युरोप बघून आलेले बरेच आहेत, पण बारीवर बोलण्याचा हक्क एकट्या दत्तारामकाकांचा. बारी हे दक्षिण इटलीतलं बंदर. काका मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे आचारी होते आणि तरुणपणी इंजिन बिघडून त्यांची बोट तिथे महिनाभर अडकली. त्या एका महिन्याच्या गप्पांवर त्यांनी पुढचा जन्म काढला. कोकणात गावावरून आडनाव पडतं, म्हणून आम्ही त्यांना बारीकर म्हणू लागलो. त्यांची बायको शांताकाकू म्हणायची की ह्यांनी इटली पाहिली, मला अजून राणीची बाग धड दाखवली नाही.

त्यात काकांचा एक नवस थकला होता. बारीत संत निकोलसचं मोठं जुनं चर्च आहे आणि हा संत दर्यावर्दींचा राखणदार. त्याला काका नारळ बोलले होते. कशासाठी, ते सांगत नसत. म्हणत, फेडल्याशिवाय नवस उघड करू नये. नवस फेडायच्या आत बोट बंदरातून सुटली आणि पुन्हा तिकडे गेली नाही. आता हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू दिलं नाही. नारळ द्यायच्या आधी आपणच जाऊ, ही धास्ती त्यांना आतून खात होती. आम्ही मात्र त्यावरही विनोद करायचो.

माझी मुलगी प्राची शिकायला नेमकी बारीलाच निघाली, तेव्हा आमच्यापेक्षा काकांना जास्त आनंद झाला. काय काय बघायचं हे त्यांनी तिला तोंडपाठ करायला लावलं, आणि खुणा सगळ्या लालबागच्या. समुद्राजवळचा जुना किल्ला म्हणजे भारतमाता थिएटर धर. समोरच्या कमानीतून चिवडा गल्लीत शिरल्यासारखी शीर. तिथे बायका दारात बसून कानाच्या आकाराचा पास्ता वळतात. मग उजवीकडे वळलीस की देऊळ. चर्चला ते देऊळच म्हणत.

प्राची पास्त्यापर्यंत नीट गेली, उजवीकडे वळली आणि भलत्याच चौकात निघाली. व्हिडिओ कॉलवर तिने आम्हाला एक दगडी सिंह आणि त्याच्या पाठीमागचा खांब दाखवला. पूर्वी कर्जबुडव्यांना या सिंहावर बसवून गावासमोर शोभा करत, असं तिने सांगितलं. काकू म्हणाली, पत्ता अगदी बरोबर लागला, ह्यांची जागा तीच. सगळे हसले. काका उठून गॅलरीत गेले. तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या हसण्याची लाज वाटली.

मग एका रविवारी प्राची श्रीलंकेच्या माणसाच्या दुकानातून नारळ घेऊन, या वेळी विचारत विचारत, चर्चमध्ये पोचली. इकडे काका आंघोळ करून, टोपी घालून, दुसरा नारळ हातात घेऊन फोनसमोर उभे. आम्ही शेजारीपाजारी मागे. काका गाऱ्हाणं घालणार होते. त्याची रीत अशी, की देवाला आपली हकीकत मोठ्याने सांगायची आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. चर्चमध्ये शांतता हवी म्हणून प्राचीने कानात इअरफोन घातले, तर काकांनी विचारलं की मग देवाने कुठून ऐकायचं? अखेर खलाशाचा नवस आहे म्हटल्यावर तिथल्या सेवेकऱ्याने आवाज हळू ठेवून फोन धरू दिला.

“बा देवा निकोलसा म्हाराजा,” काकांनी सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो. सगळ्यांत मोठा आवाज काकूचा, त्यातही चेष्टा होतीच.

“आमचां चेडू प्राची तुझ्या दारात नारळ घेऊन उभां रवलां हा, तो मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“माझी बोट तुझ्या बंदरात अडाकली, आणि हडे माझी शांता पयल्या बाळंतपणात अडली. दोगांचो भरवसो नाय, अशी तार इली. माझ्याकडे बोलूक एकच नारळ. एका नारळात दोन जीव कसे मागू, म्हणान मी एकच मागलंय. पोर गेलां, पण शांताक तू राखलंस रे म्हाराजा.”

त्यांचं पहिलं मूल गेलं आणि पुढे दुसरं झालं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या मुलाबद्दल काका कधी अवाक्षर का बोलत नसत, ते मात्र आत्ता कळलं. फोनमध्ये प्राची रडत होती. आम्ही काकूकडे बघायचं टाळत होतो.

काकू एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

मग पदराने नाक पुसून तिने काकांकडे बघितलं. “इतकी वर्सां नवस थकलो. तरीच माझे गुडघे दुखतत.”

काकांनी नारळ फोडायला घेतला, पण दोनदा आपटूनही तो काही फुटेना. शेवटी तो काकूनेच फोडला.