आईंची तिसरी बादली

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ठेवावा की नाही, कळत नाही.

आम्ही बेने इस्रायली, मराठी बोलणारे ज्यू. सासरे रेल्वेत होते, म्हणून दौंडला घर. पूर्वी इथं आमची सात-आठ घरं होती, आता एकच. आमच्यात दफनाआधी मयताला आंघोळ घालतात, तिला तहारा म्हणतात. शेवटी तीन बादल्या पाणी डोक्यापासून पायांपर्यंत सलग ओतायचं – एक संपायच्या आत दुसरी सुरू. धार तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, समाजातल्या कितीतरी बायकांसाठी हे काम केलं. शेवटच्या आजारात मला एकच सांगायच्या, "माझं पाणी तुटू देऊ नकोस गं." मी हो म्हटलं होतं.

आई शुक्रवारी पहाटे गेल्या. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागला की रविवारपर्यंत दफन नाही, आणि दफनभूमी पुण्यात. आंघोळीसाठी तिकडून निघालेल्या समाजातल्या दोघी वाटेत यवतला ट्रॅफिकमध्ये अडकल्या. अकराला त्यांचा फोन आला, "थांबू नका, तुम्हीच उरका." आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. घरात भरलेल्या बादल्या तीनच होत्या.

शेजारच्या शकीलाभाभी न बोलावता आल्या. त्यांच्यातल्या बायकांच्या मयताला त्याच आंघोळ घालतात. "एकटीनं न्हाई व्हायचं. मी हाय," म्हणाल्या. दुसऱ्या धर्माच्या बाईनं पाणी ओतणं नियमात बसतं का, मी कोणाला विचारलं नाही. ठरलं... पहिली बादली माझी, दुसरी भाभींची, तिसरी परत माझी.

मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. मागच्या पडवीत आडोशाला चादरी बांधून आईंना फळीवर घेतलं, अंग पुसून स्वच्छ केलं. पहिली बादली मी ओतली. भाभींनी दुसरी सुरू केली. आता वळून तिसरी उचलायची... आणि मी रिकामी बादली धरून उभीच राहिले. भाभींचं पाणी संपत आलेलं दिसत होतं. हात हलत नव्हते.

पाणी पडत राहिलं. डोक्यापासून पायांपर्यंत, सावकाश. मला वाटलं, भाभीच ओततायत. पाहिलं तर त्यांची बादली पालथी, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. तिसरी बादली कोपऱ्यात होती, जिथं ठेवली तिथंच. रिकामी.

"तूच वतलंस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, भाभी."

"मी बी न्हाई." पालथी बादली बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "धार तुटली न्हाई, एवढं मी बघितलंय. चल, कफन घालू. गाडी दारात हाय."

दफन वेळेत झालं.

बादली नंतर तपासली. फुटकी नव्हती, कोपऱ्यातली फरशी कोरडी होती. नवरा म्हणतो, तूच ओतलं असशील, शॉकमध्ये आठवत नाही. असेलही. पण पहिली रिकामी बादली शेवटपर्यंत माझ्या हातातच होती.

ज्यांना सांगते ते म्हणतात, आईंनी स्वतःच ओतलं, किती छान! मला छान वाटत नाही. जन्मभर दुसऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या बाईला शेवटचं पाणीसुद्धा स्वतःच ओतून घ्यावं लागलं असेल... तर मी तिथं कशाला उभी होते?