चित्रं बघणारी माणसं

परवा एका मासिकात दीक्षाची मुलाखत छापून आली. गिऱ्हाइकानंच दुकानात आणून दाखवली. फोटो मोठा, नाव मोठं, आणि खाली तिनं मुलांच्या पुस्तकांसाठी काढलेली चित्रं. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलंय, 'तुमच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसांची तोंडं उघडी असायची, आता सगळ्यांचे ओठ मिटलेले असतात. हा बदल कसा झाला?' तिनं उत्तर दिलंय, 'शैली बदलत जाते.' त्यावर त्या शहाण्यानं पदरचं एक वाक्य जोडलंय, की या मिटलेल्या ओठांत एक वेगळीच शांतता आहे.

शांतता कसली डोंबलाची!

मी आकाराम. कोल्हापुरात गंगावेशीजवळ माझं फ्रेमचं दुकान आहे. देव, वारलेले आजोबा आणि लग्नातली जोडपी काचेत बसवण्यात माझा जन्म गेला. एक पाय लहानपणापासून आखूड, त्यामुळं चालताना माझं एक पाऊल दणकन पडतं आणि दुसरं मागनं ओढत येतं. दीक्षाच्या चित्राला पहिली फ्रेम मी केली. त्या उघड्या तोंडांचं मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं त्या मासिकवाल्याला सात जन्मांत कळायचं नाही. म्हणून सांगतो.

दीक्षा मूळची कबनूरची. वडील बाबासो हमाली करायचे, ती दहावीत असताना गेले. आई मीनाबाई यंत्रमागाच्या शेडात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या रिळांवर सूत गुंडाळायची. घरात सांभाळायला दुसरं कुणी नाही, त्यामुळं पोरगी आईबरोबर शेडात वाढली. तुम्ही कधी चालू शेडात उभे राहिलाय? कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज काढतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, मोठे मोठे, आणि समोरचा ते वाचतो. पलीकडच्या मागावरच्या बाईनं जेवायला काय आणलंय, कुणाची सासू आजारी आहे, मालक आज कुणावर खेकसला, सगळं ओठांवर. पुढं मीनाबाईंचे कान मागांनी खाल्ले ते खाल्लेच, आणि मायलेकींचं घरातलं बोलणंही तसंच होऊन बसलं. दीक्षा पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी ओठ वाचायला शिकली.

शहाण्णव साली ती कोल्हापुरात चित्रकलेच्या कॉलेजात आली. तीन वर्षांनी एका दिवाळी अंकात तिचं चित्र छापून आलं, तेव्हा ते फ्रेम करायला माझ्याकडं आली. मागं मीनाबाई आणि त्यांच्या शेडातली चिमणाबाई. चित्रात मागांच्या मधल्या बोळात दोघी बायका जेवायला बसलेल्या. सुरेख रेघ, पण दोघींची तोंडं उघडी. मला तोंडावर बोलायची खोड आहे.

"पोरी, ह्या बायका जांभया का द्यायल्यात?"

ती काही बोलायच्या आत चिमणाबाई पुढं झाली आणि चित्रावर वाकली.

"जांभया कसल्या, पावणं? ही म्हणतिया, 'लोणचं दे की गं.' आनि ही म्हणतिया, 'सपलं.' आगं मीने, ही मीच हाय की!"

मीनाबाईंनी तिच्या ओठांकडं बघितलं आणि दोघी रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं हसल्या. त्या गेल्यावर मी काच उभी धरली, तिच्यात बघून 'लोणचं दे की गं' म्हटलं. 'दे' म्हणताना माझं तोंड अगदी त्या चित्रातल्या बाईसारखं झालं. फ्रेम करणाऱ्यानं चित्राचं मोजमाप बघायचं, चित्र बघायचं नाही, असा माझा शिरस्ता होता. त्या दिवशी तो मोडला.

पुढं दीक्षाला कामं मिळू लागली. दिवाळी अंक, मुलांच्या गोष्टी, एखाद्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ. मग मुलाखतींचं सुरू झालं. इथल्या एका पेपरानं 'यंत्रमागाच्या खडखडाटातून रंगांच्या दुनियेत' असा मथळा दिला आणि चित्राबद्दल चार ओळी, गरिबीबद्दल दोन कॉलम लिहिले. रेडिओवर तिला बोलावलं. रेडिओ मीनाबाईंच्या काय उपयोगाचा? पण त्यांनी शेजारणीचा रेडिओ मांडीवर घेतला आणि मुलाखत संपेपर्यंत त्याच्यावर तळहात ठेवून बसल्या, असं चिमणाबाईनं मला सांगितलं. मग केबलवाल्यांनी मुलाखत दाखवली. ती मात्र मीनाबाईंनी पुरती ऐकली, म्हणजे वाचली. टीव्हीच्या काचेला नाक लावून. एवढ्या जवळून का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेलाच होता. उजव्यात नळीतून बघितल्यासारखं उरलं होतं, आणि ती नळीही बारीक होत चालली होती. थेंब घालत राहा, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या माणसाचे डोळे गेले तर त्याचं जग अंधारतं. या बाईला तर ऐकूही डोळ्यांनीच येत होतं. दीक्षा माझ्या दुकानात बाकावर बसून हे सांगत होती आणि मी उगीचच एका पट्टीला खिळे मारत सुटलो.

त्याच सुमाराला इथल्या एका कलामंडळानं तिचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अध्यक्ष राजवर्धनराव, खादीचा झब्बा, बोलणं तुपासारखं. दीक्षानं आईला विचारलं, प्रदर्शनात तुला काय बघायचंय? मीनाबाई शेडातल्या सवयीनं मोठ्यांदा बोलायच्या, त्यामुळं सगळ्या दुकानानं ऐकलं.

"चित्रं मी बघितल्यात की गं, काढतानाच बघितल्यात. मला ती बघनारी मानसं बघायची हाईत. काय म्हणत्यात, कशी म्हणत्यात. एकडाव बघू दे. मग डोळं गेलं तर जाऊ देत."

एवढंच मागणं होतं. डोळे असेपर्यंत चित्रं भिंतीवर लागायची आणि त्यांच्यासमोर चार माणसं उभी राहायची. दोन हजार चारच्या फेब्रुवारीची तारीख ठरली, मी फ्रेमा तयार ठेवल्या. आणि मग आमच्या गावाचा रोग आडवा आला. कोल्हापुरात काहीही करायचं तर दणक्यात करायचं. साधं तालमीचं दार रंगवलं तरी आम्हाला फीत कापायला माणूस लागतो. राजवर्धनरावांनी मंत्र्यांना गाठलं. मंत्री म्हणाले, या महिन्यात जमणार नाही, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात लोकसभेची आचारसंहिता लागली.

मी दीक्षाला म्हटलं, "खड्ड्यात घाल त्या मंत्र्याला. माझ्या दुकानाच्या भिंतीवरचे देव आठ दिवस खाली उतरवतो. लाव चित्रं. गंगावेशीला माणसांना काय तोटा?"

तिचे डोळे चमकले. पण मीनाबाई हटून बसल्या.

"न्हाय, भाऊ. सगळ्या शेडाला सांगून बसलिया मी, मंत्री येनार म्हणून. माझ्या पोरीचं असं कोपऱ्यात नगं. हिच्या बाचं कवा कायबी दनक्यात झालं न्हाय, हिचं हू दे. मी थांबतो. डोळं बी थांबत्यात."

आमच्याकडच्या बायका 'मी थांबतो' म्हणतात. आणि कोल्हापुरी बाई एकदा बोलली की ब्रह्मदेवाचं चालत नाही. दीक्षालाही मनातून मोठं प्रदर्शन हवं होतं, का नसावं? तिशी जवळ आलेली, नाव नुकतं लोकांच्या तोंडी बसायला लागलेलं. निवडणुका झाल्या, पावसाळा लागला, मंत्र्यांना अधिवेशन. मग विधानसभेची आचारसंहिता. मी फ्रेमांवरची धूळ पुसत होतो आणि राजवर्धनरावांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. काही वेळा मोठ्यानंही घातल्या.

डोळे थांबले नाहीत. श्रावणात उरलेली नळी मिटली.

त्यानंतर एकदा दीक्षा त्यांना घेऊन दुकानात आली. माझ्या दुकानाला गटारीवर फळ्या टाकलेल्या आहेत. मीनाबाई त्या फळ्यांवर उभ्या होत्या, हात हवेत चाचपत. मी आतनं आलो, तशा म्हणाल्या, "आकारामभाऊ आलं." मी एक शब्द बोललो नव्हतो, आणि बोललो असतो तरी त्यांना ऐकू आलं नसतं. जन्म मागांच्या हादऱ्यावर काढलेल्या बाईला तळपायांनी माणूस ओळखता येत होता. काय बोलायचं असलं की दीक्षा त्यांची बोटं आपल्या ओठांवर ठेवायची आणि शेडातल्यासारखे मोठे मोठे ओठ हलवायची. ती मला म्हणाली, आईला माणसं कळतात पायांनी आणि मी बोटांनी. बाकी जग बंद झालंय.

दिवाळी झाल्यावर प्रदर्शन झालं. ज्यांच्यासाठी थांबलो ते मंत्री निवडणुकीत पडले होते, म्हणून दुसरे आणले. त्यांच्या पायाला फरशी गार लागेल की काय, म्हणून दालनभर प्लायवूड टाकून वर तांबडा गालिचा अंथरला. मंत्री आले, फीत कापली, पहिल्या चित्रासमोर फोटो काढला, 'ग्रामीण प्रतिभा' म्हणाले आणि चहा गार व्हायच्या आत गेले. त्यांच्याबरोबर सगळी गर्दीही गेली. गालिचा तेवढा राहिला.

नंतरच्या दिवसांत तुरळक माणसं आली. कॉलेजची काही पोरं, दोन निवृत्त मास्तर, उन्हातनं बसायला म्हणून शिरलेला एक म्हातारा. शेडातल्या बायकांना हंगामाच्या कामातनं सुट्टी मिळाली नाही. मीनाबाई मात्र रोज यायच्या. नवं लुगडं नेसून गालिच्यावरच्या खुर्चीत ताठ बसायच्या, लग्नातल्या वरमाईसारख्या.

शेवटच्या दिवशी दुपारी दालनात आम्ही तिघंच होतो. चित्रं उतरवायला म्हणून मी लवकर गेलो होतो. मीनाबाईंनी लेकीच्या तोंडावर हात नेला आणि विचारलं, "मानसं हाईत?"

दीक्षानं रिकाम्या दालनाकडं बघितलं. मग तिचे ओठ हलले. "हाईत. लई हाईत."

"काय म्हणत्यात?"

ती भिंतीवरच्या पहिल्या चित्राकडं वळली आणि त्या चित्रातल्या बाईच्या ओठांवर तिनं स्वतः जे शब्द ठेवले होते, तेच सांगायला लागली. "एक बाई म्हणतिया, 'ये की, बस जरा.'" मग दुसऱ्या चित्रातलं. "एकजण म्हणतोय, 'पोरगी कुनाची?'" मग तिसऱ्यातलं. आईची बोटं ओठांवर तशीच, आणि पोरगी भिंतीवरची माणसं एकेक करून वाचत चाललेली. मला ते सहन होईना. हातातला पाना मी खाली ठेवला आणि काय सुचलं कोण जाणे, चालायला लागलो. त्या प्लायवूडवरनं, चित्रांसमोरनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. मध्ये थबकायचो, पाय आपटायचो, पुन्हा चालायचो. बाईच्या तळपायांना तरी कळू दे की माणसं आलीत. दोन फेऱ्या मारल्या, चार मारल्या, घामाघूम झालो. आखूड पाय भरून आला तरी थांबलो नाही. दीक्षा सांगत होती, मी चालत होतो, आणि मीनाबाई मान हलवत होत्या.

"'लोणचं दे की गं'," दीक्षाचे ओठ म्हणाले. हे ती कशी बोलून गेली देव जाणे. चित्र तेच समोर होतं.

मीनाबाई हसल्या. त्यांची बोटं लेकीच्या ओठांवरनं वर सरकली, गालांवरचं ओलं त्यांनी अंगठ्यानं पुसलं आणि मोठ्यांदा, सगळं रिकामं दालन भरेल अशा आवाजात म्हणाल्या, "बघितली गं बाई, समदी बघितली. लई चांगली मानसं हाईत."

मग म्हणाल्या, "आता आकारामभाऊंना म्हणावं, बसा. पाय दुखत आसंल त्यांचा."

तीन वर्षांनी मीनाबाई गेल्या. दीक्षाच्या चित्रांतल्या माणसांनी तोंडं मिटली ती तेव्हापासून. त्याला शैली म्हणायचं तर म्हणा.

प्रदर्शनाच्या त्या शेवटच्या दिवशी मी गालिच्यावरच, त्यांच्या खुर्चीजवळ, खाली बसलो.