थर्मामीटरचा हात

आमच्या ह्यांना गॅरेजमध्ये सगळे थर्मामीटर म्हणतात. ट्रकचं चाक तापतंय अशी तक्रार आली, की हे उजव्या हाताची पालथी बाजू चाकाच्या मधोमधच्या हबवर ठेवणार आणि निकाल देणार. त्यांच्यानंतर तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा रिवाजच पडलाय. लावला तर तो त्यांचा अपमान. आधीच स्वभाव असा, की नाकावर माशी बसू देत नाहीत. घरातसुद्धा ह्यांचं चुकलं म्हणायची सोय नाही, पण मी म्हणते.

शुगरमुळे त्यांचा तो हात बधिर झालाय, हे फक्त मला ठाऊक होतं. एकदा उकळतं भांडं फडक्याशिवाय उचललं आणि वर मलाच म्हणाले, अजून तापलंच नाही. डॉक्टरकडे चला म्हणून मी डोकं आपटलं. तर म्हणे, गॅरेजात कळलं तर मला कुत्रं विचारणार नाही. मग मीही तोंडाला कुलूप लावलं.

त्या दिवशी माझा धाकटा भाऊ ट्रक घेऊन त्यांच्याकडे आला होता. मागच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता. मी दोघांचा डबा घेऊन पोचले, तोवर काम होत आलं होतं. ब्रेक चाकाला घासत नव्हता, म्हणजे तापण्याचा दोष बेअरिंगचाच. ह्यांनी जळून काळं पडलेलं ग्रीस पुसलं, नवं बेअरिंग बसवलं आणि नट आवळला. हा नट आवळून मग किंचित सैल सोडायचा असतो. किती, ते बोटांना कळतं. भाऊ एक चक्कर मारून आला. ह्यांनी हबवर हात ठेवला, चांगला ठेवूनच दिला, आणि म्हणाले, "गार आहे. बिनधास्त जा."

भाऊ केबिनकडे वळला. पुढे घाटाचा उतार, मागे गच्च भरलेला माल. ह्यांनी हात काढला तेव्हा बोटांमागची कातडी मला दिसली, लालबुंद झालेली. चारचौघांत नवऱ्याचं नाक कापायचं, की भावाला तसंच जाऊ द्यायचं? मी डब्यासोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी हबवर ओतलं.

चर्र झालं आणि वाफ उठली.

दिवसभर एकमेकांची टर उडवणारी ती गॅरेजातली माणसं, पण कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मला तर धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. ह्यांनी स्वतःचा हात उलटा करून पाहिला. मग भावाला म्हणाले, "थांब, जाऊ नकोस. माझ्या हाताला काही कळत नाही."

नट जास्तच आवळला गेला होता, म्हणूनच हब तापला होता. हब गार होऊ दिला, नट पुन्हा बसवला. या वेळी चाक फिरवून बघायला हात भावाचे, सांगणं ह्यांचं. परत चक्कर झाली. भावाला हबवर हात सुखाने ठेवता आला, तेव्हाच ट्रक सुटला.

संध्याकाळी मलम लावून घेताना हे माझ्याकडे बघेनात. मीही त्यांच्याकडे बघेना. चहा समोर ठेवला. एरवी कप खाली टेकायच्या आत उचलतात. आज कपाला हात लावला नाही.

मग हळूच विचारलं, "गरम आहे का गं?"