शिवकन्येची हाळी

शिवकन्या आमच्या पूर्णेच्या रेल्वे गँगमध्ये आली तेव्हा मी मुकादम होतो. तिचा नवरा रामकिशन माझ्या हाताखाली ट्रॅकमन होता. तो काविळीने गेला आणि त्याच्या जागी ही अनुकंपावर लागली. मला वाटलं, आता चहा करायला एक माणूस वाढलं. दुपारपर्यंत तिने खडीची जेवढी घमेली टाकली, तेवढी शेजारच्या दोघांनी मिळून टाकली नव्हती. माझं चुकलं होतं.

बाई बुटकी, खांद्याने रुंद. चेहऱ्यावर कोड. ओठांभोवती, डोळ्यांभोवती आणि हनुवटीवर पांढरे चट्टे, बाकीचा चेहरा उन्हाने काळा. बोरीजवळ तिच्या बापाची, ग्यानबाची, मेंढरं होती. लहानपणी ती त्यांच्यामागे फिरली. माळाच्या त्या टोकाचं मेंढरू या टोकाहून वळवायचं, म्हणून आवाज तसा झाला.

रूळ हाताने उचलायचा असला की एकाने हाळी द्यायची, बाकीच्यांनी 'होय' म्हणायचं. त्या 'होय'वर सगळ्यांचा जोर एकदम लागला पाहिजे. एक जण मागे राहिला की त्याचं वजन शेजाऱ्याच्या कमरेवर जातं. आणि उचलण्यापेक्षा ठेवणं अवघड. तोवर हात थकलेले असतात आणि बोटं जवळ असतात. शिवकन्या हाळी द्यायला लागल्यापासून मी रिटायर होईपर्यंत नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत आमच्या गँगमध्ये एकाचंही बोट चेंगरलं नाही.

हाळीतल्या ओळी ती स्वतः जुळवायची.

"टाचा रोवा!"

"होय!"

"नजर खाली!"

"होय!"

"मुकादमाचं पोट सांभाळा!"

"होय!"

ही तिसरी ओळ मला ऐकू येत नाही असं मी दाखवायचो, कारण तिच्यावर जोर सगळ्यांत चांगला लागायचा.

एकदा गणपतीत पूर्णेला ऑर्केस्ट्रा आला. त्यांच्या गायिकेचा घसा बसला होता. कुणीतरी शिवकन्येचं नाव सांगितलं. मालकाने आवाज ऐकला, चेहरा पाहिला आणि म्हणाला, "आवाज एक नंबर हाय बाई, पर समोर नको." तिने पडद्यामागून चार गाणी म्हटली. पुढे चमकीच्या साडीतली मुलगी ओठ हलवत होती. कार्यक्रम संपल्यावर कॉलनीतल्या बायका त्या मुलीसोबत फोटो काढत होत्या. शिवकन्या त्यांच्या शेजारून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर ती मला म्हणाली, "मामा, इथून पुढं मी गायले तर माझं तोंड बघून लोकांनी ऐकावं. न्हाईतर गाणार न्हाई."

सहा वर्षं ती रुळाशिवाय कुठे गायली नाही.

मग गेल्या साली तिच्या मुलीने, राजेश्रीने, हाळीचा व्हिडिओ टीव्हीच्या एका गाण्याच्या स्पर्धेला पाठवला. आईला विचारलं नाही. बोलावणं आलं. परभणीच्या एका मंगल कार्यालयात निवड होती, टीव्हीवर दाखवणार होते. चाळीस जणांतून दोघे मुंबईला जाणार होते.

"मी न्हाई जायची," शिवकन्या म्हणाली.

"आई, या बारीला पडदा न्हाई. समोर उभं करायलेत."

मग तिने मला फोन लावला. "मामा, तुमी चला संगं. कामातलं एक माणूस असू द्या."

सकाळच्या गाडीने आम्ही तिघं परभणीला गेलो. तिने रेल्वेचं नारिंगी जॅकेट इस्त्री करून आणलं होतं आणि बुटांना पॉलिश केलं होतं.

तिथे अपेक्षा नावाची मुंबईची मुलगी सगळं बघत होती. कानाला यंत्र लावलेलं. त्यातून डायरेक्टर बोलायचा आणि ती आम्हाला सांगायची. बोलायला गोड.

"मावशी, जॅकेट नको. आपण थोडी फाटकी साडी देऊ. आणि अनवाणी छान वाटेल. कष्टकरी दिसलं पाहिजे ना."

"बाई, रुळावर अनवाणी सापडले तर मला मेमो मिळंल," शिवकन्या म्हणाली. "सरकारी नोकरी हाय माझी. फाटकी साडी कशापायी नेसू?"

अपेक्षा हसली. जॅकेट आणि बूट राहिले. चेहऱ्याचं मात्र तिने सोडलं नाही. कॅमेरा जवळून घ्यायचा तर डाग झाकावे लागतील, नाहीतर लांबूनच दाखवू, असं वरून सांगितलं होतं.

शिवकन्या खुर्चीत बसली. अर्ध्या तासात सगळा चेहरा एका रंगाचा झाला. तिने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. वीस वर्षांत तिने स्वतःला असं बघितलं नव्हतं.

"राहू द्या असंच," ती हळूच म्हणाली.

मी बाजूला झालो. चेहरा तिचा होता.

स्टेजवर रूळ तयार होता. थर्माकोलचा. रंग इतका हुबेहूब की मीही एकदा फसलो. तो उचलायला परभणीच्या डान्स क्लासची आठ पोरं होती. अंगाला तेल, पायात पातळ बूट. क्लास चालवणारा धम्मदीप त्यांच्यासोबत उभा होता. तालीम सुरू झाली. शिवकन्येने हाळी दिली. पोरांनी रूळ फुलासारखा वर नेला. कुणी आधी, कुणी नंतर. एकाने तर एका हाताने. 'होय' म्हणताना पोरं दात दाखवत होती. आणि शिवकन्येचा आवाज? पडद्यामागून गायली होती तो आवाज. गोड, पातळ. मला ओळखू आला नाही. लेप फुटेल म्हणून ती तोंडही पुरतं उघडत नव्हती.

अपेक्षाने कानावर हात ठेवून ऐकलं. तिचा चेहरा पडला. "मावशी, सर म्हणतात हे उभं राहत नाहीये. हा आयटम काढून टाकू म्हणतात."

राजेश्री रडायच्या बेतात आली. शिवकन्या स्टेजवरून खाली उतरली.

"मामा, वजन न्हाई. वजन न्हाई तर मी हाळी कुणाला देऊ?"

"दिसतंय मला."

"मला एक तास द्या, बाई," ती अपेक्षाला म्हणाली. "तेवढ्यात जमलं न्हाई तर मीच जाते."

कार्यालयाला लागून एक इमारत बांधायला काढली होती. तिथे लोखंडी गर्डर पडले होते. मी जाऊन एक बघितला. वीस फूट लांब, बारा इंची. पावणेतीनशे किलोच्या आसपास. तिथल्या सुपरवायझरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "न्या, पर जसा नेला तसा जागेवर आणून ठेवा." दोरखंड आणि चार लाकडी बल्ल्याही त्यानेच दिल्या. पोरांचे पातळ बूट मी काढायला लावले आणि बांधकामावरच्या मजुरांकडून जाड बूट मागून घेतले. दोघांना मोठे झाले. त्यात कापड कोंबलं.

गर्डरखालून दोर घेऊन बल्ल्यांना बांधले. एका बल्लीला दोन पोरं, अशी आठ. पहिल्यांदा गर्डर हलला नाही.

"अगं आई," एक पोरगा म्हणाला. "हे खरंच जड हाय."

"मग काय खोटं जड असतं का?" शिवकन्या म्हणाली. "धम्मदीप, तुमची पोरं नाचायला लय हुशार. आता पाय नाचवू नका म्हणावं, रोवा."

दुसऱ्यांदा एक टोक उचललं, दुसरं राहिलं. तिसऱ्यांदा तिने पुढे येऊन तोंड पुरतं उघडलं. मेंढरं वळवायचा आवाज. गर्डर वीतभर वर आला आणि आठही पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आपण हे केलं, हे त्यांना खरं वाटेना.

"नजर खाली!" ती ओरडली.

आत न्यायला चाळीस मिनिटं लागली. अकरा वेळा उचलला, अकरा वेळा ठेवला. त्यातल्या पाच वेळा तो आपटला. शिवकन्या पोरांइतकीच घामाघूम झाली. खिशातला रुमाल काढून तिने तोंड पुसलं. सगळा लेप रुमालात आला. ओठांभोवतीचं, डोळ्यांभोवतीचं पांढरं पुन्हा दिसायला लागलं.

दारात कार्यालयाचा मॅनेजर आडवा आला. "स्टेजवर न्यायचं न्हाई, लाकूड बसंल. खाली फरशीवर घ्या. आणि एक फरशी जरी फुटली तर मी वायरी काढतो सगळ्या."

अपेक्षा धावत आली. "मावशी, मेकअप! पंधरा मिनिटं द्या, परत करू."

शिवकन्येने रुमालाकडे बघितलं. मग आरशाच्या खोलीकडे बघितलं. तिला ते दिसणं आवडलं होतं, हे मला माहीत होतं.

"पुसलं ते पुसलं," ती म्हणाली. "पोरांचे हात गरम हायत, थंड झाले तर उचलणार न्हाईत. आणि बाई, कॅमेरा लांब ठेवायचा तर ठेवा. मी समोरच उभी राहणार."

लाइटं लागली. हॉलमध्ये सहाशे माणसं असतील. स्टेजवर तीन परीक्षक खुर्च्यांत बसलेले. खाली फरशीवरचं त्यांना बसून दिसेना, म्हणून ते उठले आणि स्टेजच्या कडेला येऊन उभे राहिले.

"टाचा रोवा!"

"होय!"

"नजर खाली!"

"होय!"

"आईचं दूध दाखवा रे!"

"होय!"

गर्डर उचलला. सरळ. दोन्ही टोकं एका उंचीवर. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. शिवकन्येने हात वर करून त्या थांबवल्या. काम अजून व्हायचं होतं. पंधरा पावलं नेला. मग तिने आवाज उतरवला. ठेवतानाची हाळी वेगळी असते. तिची तर अंगाईसारखी.

"बाळ निजलंय..."

"होय."

"मान सांभाळा..."

"होय."

"पाठ टेकू द्या... हळू... हळू..."

पोरांचे दंड थरथरत होते. एकानेही बल्ली सोडली नाही. 'होय' इतकं हळू आलं की श्वास सोडल्यासारखं. गर्डर फरशीवर टेकला. मी कान देऊन होतो. आवाज झाला नाही. सहाशे माणसांतून कुणी खोकलंही नाही. मॅनेजर गुडघ्यावर बसला आणि त्याने फरशीवरून हात फिरवला. मग उठून तोच पहिल्यांदा ओरडला.

टाळ्यांनी हॉल फुटला म्हणा. कॅमेरावाला कुणाचं न ऐकता तिच्या तोंडापाशी गेला. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा आला. दोन हात रुंद, घामाने चमकणारा, काळा आणि पांढरा. अपेक्षाने कानातलं यंत्र काढून हातात घेतलं होतं.

परीक्षकांतल्या वयस्क बाईंनी विचारलं, "चेहऱ्याला काय झालंय, ताई?"

"कोड हाय. दुखत न्हाई मला. तुमाला दुखत असंल तर डोळे मिटून ऐका."

बाई आधी हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. "नाही मिटणार," त्या म्हणाल्या. "मुंबईलाही असंच यायचं."

मुंबईच्या दोन नावांत तिचं पहिलं घेतलं. राजेश्रीने आईला मिठी मारली. पोरं तिला खांद्यावर घ्यायला धावली.

"मला काय उचलता? गर्डर उचला," शिवकन्या म्हणाली. "सुपरवायझरला जबान दिलीय."

तसाच गर्डर परत निघाला. पुढे शिवकन्या, मागे पोरं, त्यांच्यामागे कॅमेरा आणि निम्मा हॉल. भर दुपारचं ऊन. रस्त्यावर ऑटो थांबले. लोक फोन वर धरून तिचाच चेहरा टिपत होते. ती उलटी चालत हाळी देत होती, म्हणजे तोंड सगळ्यांकडे. 'होय' आता सगळा रस्ता म्हणत होता.

या वेळी सातच टप्पे लागले. चौथ्या टप्प्याला डावीकडच्या मागच्या पोराचा पाय चुकला. बाकी काम बरोबर होतं. बांधकामावर खाली माती होती, फुटण्यासारखं काही नव्हतं. तरी तिने अंगाईची हाळी पुरती म्हटली आणि गर्डर जागेवर निजवला.