आंबट दुधाचे दिवस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या वहिनीचे. आज दारव्ह्याच्या घरी दोरीवरचे लेकीचे कपडे काढताना एका झबल्याला अजून पुसटसा आंबट दुधाचा वास आला, आणि आधी तीच आठवली.

आई गेल्यावर माझा डबा, माझी शाळेची वेळ, माझा परीक्षेचा धाक, सगळं तिनं अंगावर घेतलं. म्हणून महागावकडच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवीधर म्हणजे वाचणारा, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढे येत आणि मी ऐटीत सांगे, ही जेवणाआधी, ती नंतर. त्या मानाची मला गोडी लागली होती.

लेक सहा महिन्यांची होती तेव्हा वहिनी माझ्या बायकोच्या मदतीला आली होती. बाळं दूध ओकतातच. पण आमची पोर दूध पाहताच पाठ ताठ करून रडायची, तोंड फिरवायची. महिनाभर वजनाचा काटा हलला नव्हता. एका सकाळी मोबाइलवर वाचलं, पोटातलं आम्ल वर येतं. एवढं कळल्यावर पुढचं सोपंच वाटलं. माझ्याच पित्ताच्या गोळीचा पाव तुकडा मी चमच्यात चुरला. वहिनीनं मनगट धरलं.

"काय देऊन राह्यला तिले?"

"पित्ताची गोळी. थोडीशीच."

"कोणत्या डाक्टरनं सांगतलं?"

"मी वाचलं ना! तुले काय समजते त्यातलं?"

"मले नाई समजत, म्हणून मी देत नाई. तुले बी नाई समजत, अन् तू देऊन राह्यला! चाल, चप्पल घाल."

लहान मुलांच्या डॉक्टरांनी आधी वजन केलं, दूध कसं पाजता ते विचारलं. पुष्कळ बाळांचं ओकणं वयाबरोबर आपोआप थांबतं, त्यांना औषध लागत नाही, असं ते म्हणाले. हिचं मात्र वजन अडलं होतं, म्हणून काही आठवडे आम्ल कमी करणारं औषध, तेही वजनाप्रमाणे मोजून, दूध पाजण्याआधी. शिवाय दूध थोडं थोडं, आणि मग बराच वेळ उभं धरायचं. मोठ्यांच्या गोळीचं मी चाचरत विचारलं, तेव्हा ती बाळाला कधीच द्यायची नाही, असं त्यांनी बजावलं. वहिनी पदराआड हसली.

मग रोज सकाळी तिची चिडवणारी हाक यायची, "मास्तर, औषधाचा टाइम झाला!" दोनेक आठवड्यांनी पोरीनं न रडता पोटभर दूध पिऊन असा ढेकर दिला की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरात एवढा आनंद माझ्या निकालालाही झाला नव्हता.

वहिनी आता गावी परतली आहे. फोनवर "जेवला का?" एवढंच विचारून ठेवते. पण माझ्या जुन्या वह्यांवरून अक्षरं शिकलेली ती बाई पत्र मात्र सावकाश, बोट फिरवत वाचते. म्हणून काल हे पाठवलं:

"वहिनी, डॉक्टरनं औषध बंद केलं. वजन चांगलं वाढलं. त्या दिवशी मी तुले टाकून बोललो, अन् तू दवाखान्यात माझी चूक कोणाले सांगतली नाई. माफ कर. शनिवारी येऊन राह्यलो. चुलीपुढं फळी आडवी लावून ठेव, पोरगी रांगून राह्यली."