मामांची न चाखलेली थाई चटणी

विलायतेत चाळीस वर्षं काढून विलायतेचा एक घासही न खाल्लेला माणूस बघायचा असेल, तर लंडनजवळ पिनरला आमच्या मामेसासऱ्यांकडे जावं. जन्मभर हॉस्पिटलात त्यांनी लोकांना भूल दिली, स्वतः मात्र कशाला भुलले नाहीत. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचतात. शेजारची म्हातारी ख्रिसमसला केक देते, तो अंड्याचा म्हणून गार्डनमधल्या शेडमध्ये जातो आणि तिथून खारींच्या पोटात. पिनरच्या खारी एवढ्या गुबगुबीत का, हे कौन्सिलला अजून कळलेलं नाही.

मुलाने लेस्टरला थाई मुलीशी लग्न केलं, तेव्हा जेवणात मांस असणार म्हणून मामा गेलेच नाहीत. तत्त्व राहिलं आणि मुलगा यायचा थांबला. तीन वर्षं नुसते वाढदिवसाचे मेसेज. यंदा अचानक त्याचा फोन आला, बँक हॉलिडेच्या सोमवारी दोघं येतो म्हणून.  सुनेला काय आवडतं ते विचार, असं मामांनी मला फर्मावलं. ती म्हणाली, भाजलेल्या मांसाबरोबर आई करायची ती चटणी. चिंच, गूळ, सुकी मिरची, भाजलेल्या तांदळाची भरड आणि फिश सॉस. मामांना सांगताना शेवटचं नाव मी जरा हळूच घेतलं. मामा म्हणाले, "बाटली शेडमध्ये ठेवू."

झालं, शेडचं ऑपरेशन थिएटर झालं. तोंडाला मास्क, हातात ग्लव्ह्ज, फिश सॉस सिरिंजने मोजून. तांदूळ भाजणीसारखे खमंग भाजले, इथवर ठीक. पण पुढे ते मिक्सरमधून काढून चक्क वस्त्रगाळ केले! म्हटलं, मामा, ती भरड दाताखाली यावी लागते. तर पाहुण्याला कोणी भरड वाढतं का, म्हणून मलाच झापलं. चटणीची अशी खळ झाली की भिंतीला पोस्टर चिकटावं. चव बघायचं तर नावच नको. नैवेद्याची चव बघत नसतात म्हणे. मासळीचा नैवेद्य! मी हात जोडले.

सोमवारी मुलाने गार्डनमध्ये चिकन भाजायला घेतलं. मामा धूर येणार नाही अशा बेताने खुर्ची टाकून बसले. सुनेने चटणी खाल्ली, छान म्हणाली, मग एक ग्लास पाणी प्यायली, मग दुसरा. मामांनी आयुष्यभर रोग्यांचे चेहरे वाचलेत. काय चुकलं ते खरं सांग, असं त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं. ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो खाली बघत राहिला. 

तेव्हा मामा उठले, वाटीत करंगळी बुडवली आणि तोंडात घातली.  चेहरा कसाबसा सरळ ठेवत ते सुनेला म्हणाले, "मीठ फार झालंय. कसं करायचं ते तू दाखव."

ती हसली. शेडमधून बाटली घेऊन ती सरळ किचनमध्ये शिरली आणि मामा मुकाट्याने तिच्यामागे गेले. मुलगा चिमटा धरून तसाच उभा. चिकन करपतंय, हे मीच त्याला सांगितलं.

"बाबा लग्नात नुसते येऊन बसले असते तरी चाललं असतं, वहिनी," तो म्हणाला. "खा म्हणून कोण सांगत होतं?"

 तीन वर्षं फुकट घालवली होती बापलेकांनी.