भिंतीतली टाकी

माशांच्या काचेच्या टाक्या बसवणारा तो माणूस मला पहिल्या दिवसापासून लबाड वाटतो. काही विचारलं की "बघू की, आबा" एवढंच म्हणतो. बोटांनी भिंत ठोकतो अन् कान लावून ऐकत बसतो, जसं काही आत कोणी बोलतंय.

आमच्या थोरल्याला भिंतीत मासे पाळायचेत. ही भिंत पोरं वेगळी निघाली तेव्हा मी माझ्या हातानं घातली. पलीकडं धाकटा राहतो. दोघं भाऊ बोलत न्हाईत. टाकीसाठी भिंत आरपार फोडावी लागते म्हणून मी त्याला बजावलं, "मागून निळा कागद लाव. पलीकडचं दिसता कामा नये."

"बघू की, आबा."

मापं घ्यायला आला की इथं चहा पितो, अन् मग वळसा घालून धाकट्याकडंबी पितो. इकडचं तिकडं सांगत असणार.

काल म्हणाला, "आबा, बाजेवर बसा बरं." बसलो. तर यानं जमिनीपासून माझ्या डोळ्यापर्यंत टेप धरला अन् तेवढ्याच उंचीवर पेन्सिलीनं चौकोन काढला.

"माझं माप कशापायी घेतो रं?"

"मग दिवसभर इथं कोण बसतंय, आबा?"

त्या चौकोनामागं धाकट्याची पोर, माझी नात, रोज जेवायला बसते. हे त्याला पक्कं ठाऊक हाय, तिथला चहा पिऊन आलाय तो.

लई लबाड माणूस. निळ्या कागदाचं नाव मी पुन्हा काढलं न्हाई. सांजच्याला थोरली सून भिंत पुसायला आली, तिला म्हणलं, "तेवढा चौकोन राहू दे."